हाबुलची बरणी

समाद्दारांच्या घरातली लायकोपोडियमची बाटली कधी रिकामी झाली नाही. फणिभूषण समाद्दारांनी शिबपुरात होमिओपॅथीचा दवाखाना थाटला तेव्हा ती पहिल्यांदा भरली, आणि त्यानंतर तिचा तळ कुणी पाहिला नाही. चार-पाच गोळ्या उरल्या की वरून कोऱ्या गोळ्या ओतायच्या, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली डाव्या तळहातावर ठोकायची. ठोके नीट पडले की कोऱ्या गोळ्यांना औषध लागतं आणि अख्खी बाटली औषध होते. फणिबाबूंनी हे आपल्या थोरल्या मुलाला, त्रिदिबला, शाळकरी वयातच शिकवलं. धाकटा हाबुल शेजारी बसून ऐकायचा आणि ठोके मारायची पाळी आपल्याला कधी मिळणार म्हणून भुणभुण लावायचा. बाहेरच्याला हे खूळ वाटेल. आमच्या शिबपुरात वाटत नाही. इथे घरटी औषधाची एक पेटी असते, आणि पोराला शिंक आली की आई आधी पेटी उघडते, खिडकी मग लावते.

त्रिदिबबाबू पुढे बापापेक्षा मोठे डॉक्टर झाले. हावड्याच्या होमिओपॅथी कॉलेजात शिकवू लागले, पांढरी दाढी ठेवली, आणि पाड्यातल्या मिलन संघ क्लबात दर वर्षी एक व्याख्यान देऊ लागले. स्वभाव शांत. कुणी त्यांना कंजूष म्हणावं, कुणी चिक्कट म्हणावं, ते हसायचे. फक्त 'साखरेच्या गोळ्या' एवढे दोन शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. लगेच कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आणि हल्ली तर हे दोन शब्द जो तो काढायचा. वर्तमानपत्रवाले काढायचे, टीव्हीवरचे काढायचे, लग्नात शेजारी जेवायला बसलेला कुणाचा तरी मेव्हणा काढायचा.

म्हणून त्यांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे म्हणाले. ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे अशी माणसं घ्यायची. निम्म्यांना औषधाच्या गोळ्या, निम्म्यांना कोऱ्या. दिसायला एकसारख्या, बाटली एकसारखी, वर नुसता आकडा. कुणाला काय मिळतंय ते रोग्याला कळायचं नाही आणि त्रिदिबबाबूंनाही नाही. ते सगळं दुसऱ्याच एका माणसाकडे बंद पाकिटांत. सहा महिने गोळ्या द्यायच्या, मधूनमधून रक्त तपासायचं, आणि शेवटी पाकिटं फोडायची. युरिक ॲसिड त्यांनी मुद्दाम निवडलं. डोकेदुखी बरी झाली की नाही यावर वाद घालता येतो, रक्तातल्या आकड्यावर नाही.

अडचण एवढीच की माणसं मिळेनात. निम्म्यांना कोऱ्या गोळ्या म्हटल्यावर जो तो उठून जायचा. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "डाक्तारबाबू, बाली गावाहून दोन बस बदलून मी काय चिनी चघळायला येऊ?"

हे ऐकून हाबुल खो खो हसला. हाबुलचं खरं नाव सुखेन्दू, पण ते मतदार यादीखेरीज कुठे वापरात नव्हतं. पाणीखात्यातून निवृत्त झालेला, आठ वर्षांनी धाकटा, आणि हावड्याच्या मैदानांवर हयात घालवलेला रेफरी. शिट्टी अजून गळ्यात. पेनल्टी दिली म्हणून एकदा स्वतःच्याच क्लबाच्या पोरांनी त्याला तळ्यात ढकललं होतं. भिजल्या अंगानं वर येऊन त्याने पुन्हा पेनल्टीच दिली होती. अलीकडे मात्र त्याचं पळणं थांबलं होतं. उजव्या पायाचा अंगठा सुजायचा, लाल व्हायचा. युरिक ॲसिड. गेली कित्येक वर्षं दादाच्याच गोळ्या चालू होत्या. दुखणं यायचं, आठवड्याने जायचं. आलं की हाबुल म्हणायचा रोहूचं मुंडकं खाल्लं म्हणून आलं, आणि गेलं की म्हणायचा दादाच्या गोळीने गेलं.

"दादा, माझं नाव घाल," तो म्हणाला.

"तुझं नाही."

"का? माझं युरिक ॲसिड काय हलक्या प्रतीचं आहे?"

"तुला मी औषध देतोच आहे. चाचणीत आलास तर ते बंद करावं लागेल. कदाचित कोऱ्या गोळ्या येतील."

"येऊ देत. तुझी माणसं पुरी होत नाहीयेत, आणि मी घरात बसून चुरमुरे खातोय. शोभतं का?"

हाबुलची बायको मिनती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. चहा खाली ठेवून ती म्हणाली, "दादा, म्हणजे सहा महिने ह्यांना औषधच नसेल, असंही होईल?"

"होऊ शकतं, बौमा. पण पुढे मी आहेच की."

मिनतीने पदर सारखा केला आणि ती आत गेली. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी हुज्जत घालत नाही, निदान समाद्दारांकडे तरी. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिला एकदा तरी नवऱ्याला 'मोठ्या' डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि तेव्हापासून ती पदरच सारखा करत होती.

कॉलेजात त्रिदिबबाबूंच्या हाताखाली पियाली हाजरा नावाची तरुण डॉक्टर होती. चाचणीचं सगळं काम तीच बघायची. ती म्हणाली, "सर, सख्खा भाऊ?"

"गोळ्या मी देणार नाही, रक्त मी तपासणार नाही. कुठे अडतंय?"

"त्यांचं क्रिएटिनिनही थोडं वर आहे. किडनीवर ताण दिसतो."

"नियमात बसतंय ना?"

बसत होतं, जेमतेम. नाव घातलं गेलं.

हाबुलचा वार गुरुवार. त्याच दिवशी येणारे आणखी चौघे होते आणि पाचही जण एकाच बाकावर बसायचे. कदमतल्ल्याच्या बाजारातला मासेवाला बनमाली, शिंपीकाम करणारे जियाउलसाहेब, आणि दोघं चटकलमधून, म्हणजे तागाच्या गिरणीतून, निवृत्त झालेले. महिनाभरात त्यांचा असा अड्डा जमला की गोळ्या घेऊन झाल्या तरी ते घरी जायचे नाहीत, समोरच्या टपरीवर चहा ढोसत बसायचे. खिडकीतून त्यांचं हसणं ऐकू आलं की त्रिदिबबाबूंना बरं वाटायचं. मनात म्हणायचे, हाबुल जिथे जाईल तिथे टीम करतो.

पहिला रिपोर्ट आला. हाबुलचं युरिक ॲसिड खाली आलं नव्हतं, उलट थोडं चढलं होतं.

कुणालाही वाटेल की त्रिदिबबाबूंना वाईट वाटलं असेल. नाही. त्यांना हायसं वाटलं. खुर्चीत मागे टेकून ते चक्क हसले. भावाच्या वाट्याला कोऱ्या गोळ्या आल्या होत्या, उघड होतं. आणि कोऱ्यांवर ठेवताच त्याचं अंग बिघडायला लागलं, म्हणजे इतकी वर्षं त्याला सांभाळत होतं ते औषधच. याहून चांगला पुरावा कुठला? सहा महिने संपू देत. पाकीट फुटलं की त्याच दिवशी औषध सुरू करायचं, महिन्यात गडी मैदानावर.

पुढच्या रिपोर्टलाही तेच. बनमालीचा आकडा हलला नव्हता, तोही कोरा. जियाउलसाहेबांचा हलला नव्हता, तेही कोरे. चटकलवाले दोघं तसेच. त्रिदिबबाबू मनातल्या मनात एकेकाला कोऱ्यांत ढकलत गेले.

"सर, अख्खा बाकच कोऱ्यांचा?" पियालीने विचारलं.

"योगायोग."

"बाकीच्यांचेही आकडे फारसे हलत नाहीयेत. पण ते राहू दे. सुखेन्दूबाबूंचं क्रिएटिनिन बघा. हे आपल्या हाताबाहेर चाललंय. त्यांना बाहेर काढू या, सर. पाकीट फोडायची सोय नियमातच आहे. किडनीच्या डॉक्टरकडे पाठवू."

त्रिदिबबाबूंनी चष्मा काढून पुसला. "दोनच महिने राहिलेत. आत्ता भावासाठी पाकीट फोडलं की लोक काय म्हणतील? समाद्दारांनी घरच्या माणसासाठी चाचणी मोडली. मग सगळीच मातीत."

"लोक काय म्हणतील ते जाऊ दे, सर. तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो दोन महिने."

माणूस वाईट नव्हता हो. भावावर जीव होता त्यांचा, स्वतःच्या मुलावर नसेल इतका. पण त्यांना खात्री होती, आणि अशा खात्रीच्या माणसाला घाई कशी ती नसते.

पौषात अंगठ्याने पुन्हा डोकं वर काढलं, आणि या वेळी घोटा आणि गुडघाही बरोबर घेतला. त्रिदिबबाबू बघायला गेले तेव्हा हाबुल पलंगावर पाय उघडा टाकून पडला होता. बाहेर थंडी, पण पायावर साधी चादर सहन होत नव्हती. खिडकीतला वाराही लागतो म्हणून खिडकी दिवसभर बंद होती. मिनतीने खजुराच्या नव्या गुळाची खीर केली होती, वाटी तशीच पडून होती. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगीर.

"दुखण्याची एखादी गोळी घेतलीस का रे?"

"चाचणीत चालत नाही ना," हाबुल म्हणाला. "तूच कागद वाचून दाखवला होतास. मी रेफरी आहे दादा, मी फाऊल करू?"

त्रिदिबबाबूंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. उठताना मिनती त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. खाली बघत म्हणाली, "दादा, माझ्या भावाच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. किडनीचे. नुसतं दाखवून आणते. औषध नाही घेणार."

"एवढे दिवस काढलेस, बौमा. आता थोडक्यासाठी नको."

ती जिन्यावरून मागे फिरली. त्रिदिबबाबूंना वाटलं, समजलं तिला.

आठवड्याभरात हाबुलला उलट्या सुरू झाल्या. तोंडाला विचित्र वास यायला लागला, बोलता बोलता झोप लागायला लागली. एका सकाळी मिनतीने कुणालाही न विचारता टॅक्सी बोलावली, शेजारच्या दोन पोरांना हाताशी घेतलं आणि नवऱ्याला नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन टाकलं. त्रिदिबबाबूंना फोन केला तो तिथून. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात 'दादा' नव्हतं. "ह्यांना ॲडमिट केलंय. या," एवढंच म्हणाली.

किडनीचे डॉक्टर भेटले ते दुसऱ्या दिवशी. पन्नाशीचे, दमलेले, मवाळ बोलणारे. सोनोग्राफीचा फोटो उजेडाला धरून म्हणाले, "दोन्ही किडन्या आक्रसल्यात. काल लावलं तसं मशीन आता लागतच राहील, आठवड्यातून तीनदा. कायमचं धरून चाला."

"गेल्या सहा महिन्यांत..." त्रिदिबबाबू बोलू लागले.

"हे सहा महिन्यांचं नाही. वर्षानुवर्षं चाललेलं आहे. युरिक ॲसिड कधीपासून वाढलेलं? त्यावर काय चालू होतं?"

मिनती जमिनीकडे बघत राहिली. तिने सांगितलं असतं तर बरं, असं त्रिदिबबाबूंना वाटलं. पण ती काही सांगेना.

"माझं औषध चालू होतं," ते म्हणाले. "मी होमिओपॅथ आहे. त्याचा भाऊ."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढचं लिहायला घेतलं. चार शब्द सुनावले असते तर त्रिदिबबाबूंना भांडता आलं असतं. भांडणाची सगळी तयारी होती, तीस वर्षांची. पण समोरच्या माणसाला भांडणात रस नव्हता, पेशंट बरेच होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ते मिनतीला म्हणाले, "बौमा, ह्याला कोऱ्या गोळ्या येत होत्या. मला कळत होतं, मी पाकीट फोडलं नाही. माझी चूक झाली."

एवढी चूक पदरात घ्यायला ते तयार होते, अगदी मनापासून. तिच्या आड दुसरी मोठी चूक दिसत नव्हती. औषध बंद होतं म्हणून भाऊ बिघडला, औषध असतं तर बिघडला नसता. हातात धरायला आता तेवढंच उरलं होतं. त्या डॉक्टरच्या 'वर्षानुवर्षं'ला त्यांनी कानाआड केलं. फोटोवरून वर्षं मोजणारा हा कोण लागून गेला?

मिनती म्हणाली, "आत जा. तुमचीच वाट बघतायत."

दुपारची भेटायची वेळ. हाबुलच्या मानेत नळी बसवली होती आणि वर पट्टी. पहिल्या वेळचं मशीन कालच लावून झालं होतं, त्याने चेहऱ्याची सूज थोडी उतरली होती. शिट्टी गळ्यातून काढून उशाशी ठेवली होती. दादाला बघून तो हसला.

त्रिदिबबाबू स्टुलावर बसले. कॉरिडॉरमध्ये म्हटलेलंच पुन्हा म्हणाले. "हाबुल, मला माफ कर. कोऱ्या गोळ्यांवर तुला सहा महिने ठेवलं. मला दिसत होतं, तरी ठेवलं."

"कोऱ्या?" हाबुल म्हणाला. "छे! दादा, तू उगाच जिवाला लावून घेतोयस. मला औषध मिळत होतं."

"तुला काय माहीत?"

"आम्हा पाचही जणांना मिळत होतं." हाबुलचे डोळे चमकले. भेट म्हणून आणलेली वस्तू पाठीमागे लपवावी आणि मग पुढे करावी, तसं त्याने सांगायला घेतलं. "तुला सांगणार नव्हतो, निकाल लागल्यावर गंमत म्हणून सांगणार होतो. पहिल्याच गुरुवारी टपरीवर बनमाली रडायला लागला. म्हणे, माझं नशीब मला ठाऊक आहे, कोऱ्या मलाच आल्या असणार. जियाउल म्हणाला, मग माझी बाटली घे. चटकलवाले म्हणाले, आणि त्याची कोरी निघाली तर? भांडण लागायची वेळ आली. मी शिट्टी मारली. म्हटलं, पाच जण मैदानात उतरणार आणि निम्म्यांच्या पायात बूट नाहीत, असा सामना मी लावू देणार नाही."

"मग?"

"मग काय. मिनतीची लोणच्याची बरणी घेतली. घाबरू नकोस, घासून घासून धुतली, आठवडाभर उन्हात ठेवली. वासाने औषध मरतं, ते मला कळतं. पाचही बाटल्या तिच्यात ओतल्या, झाकण लावलं, आणि बाबा मारायचे तसे ठोके मारले. तळहातावर. एक चुकवला नाही. मग परत ज्याच्या त्याच्या बाटलीत भरून दिलं. दर खेपेला नव्या बाटल्या मिळाल्या की तेच."

त्रिदिबबाबूंनी बोटांवर पाच मोजले.

"पाचांत एकाला तरी खरं आलं असणारच, नाही का?" हाबुल म्हणाला. "आणि एकाचं असलं तरी बास. एक गोळी अख्खी बाटली औषध करते, तू क्लबात भाषणात सांगितलं होतंस. मी पहिल्या रांगेत होतो. म्हणून म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस. औषध पोचलंय. तुझ्याकडून काही कमी पडलेलं नाही."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. नर्स सलाईनची बाटली बदलून गेली. त्रिदिबबाबू बसल्या जागी हिशोब लावून पाहत होते, आणि कुठूनही लावला तरी उत्तर एकच येत होतं. पाच माणसं, सहा महिने, रीतसर ठोके, सगळ्यांना औषध. पाचांतल्या एकाचाही आकडा हलला नाही. ठोक्यांनी औषध लागत नाही म्हणावं, तर घरातली ती बाटली बापाच्या काळापासूनच नुसत्या साखरेची होती, आणि तीच हाबुलला इतकी वर्षं दिली. लागतं म्हणावं, तर औषध घेऊनही हाबुल या खाटेवर होता. भाऊ कोऱ्या गोळ्यांवर होता, हा एवढा एक आडोसा होता. तो भावानेच प्रेमाने काढून घेतला.

माणूस बुडताना ज्याला धरतो त्यालाच खाली दाबतो म्हणतात. त्रिदिबबाबूंनी तेच केलं.

"गाढवा," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "हे काय करून बसलास? सगळी चाचणी नासवलीस. त्या बरणीत औषध मेलं. कुणालाच काही मिळालं नाही."

हाबुलचं तोंड उघडं राहिलं. हसू ओठांवरून गेलं, पण कुठे जावं ते त्याला कळेना.

"मेलं? पण मी तर धुऊन..." तो थांबला. "म्हणजे बनमालीचं पण? जियाउलचं? त्यांच्यातल्या ज्याला खरं आलं होतं त्याचंही मी..."

त्याने छताकडे बघितलं. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरलं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही, त्या हाताला सुई होती. "बनमालीची पोरगी लग्नाची आहे, दादा. त्याने दर गुरुवारी दुकान बंद ठेवून... आणि मी रेफरी म्हणवतो."

हे बघवेना. त्रिदिबबाबूंनी त्याचा सुटा हात दोन्ही हातांत घेतला. आणि अगदी हळू म्हणाले,

"हाबुल, ऐक. खोटं बोललो मी. तू काही नासवलं नाहीस. ठोके तू बरोबर मारलेस. बरणी स्वच्छ होती. सगळ्यांना मिळालं जे मिळायचं ते."

"मग?"

"मग काही नाही. त्यात काही नसतंच. साखर आहे. माझ्या गोळ्या साखर, कॉलेजातल्या साखर, बाबांच्या बाटलीतही साखरच. तुला मी इतकी वर्षं साखर दिली रे. तुला कधीच नदीपलीकडे न्यायला हवं होतं. बौमा म्हणत होती. मी नेलं नाही."

हे वाक्य बोलायला त्यांना सगळं आयुष्य लागलं होतं, आणि बोलून झाल्यावर त्यांना वाटलं आता हाबुल हात काढून घेईल. शिवी देईल. द्यावी. त्यांना ती हवी होती.

हाबुलचा चेहरा निवला. तो हसला, लहानपणचं हसू.

"तू काही सुधारणार नाहीस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"थुजाची मोठी बाटली आठवते? चेंडू माझा लागला होता. तू बाबांना सांगितलंस, 'मी फोडली.' छत्रीचा मार खाल्लास. मी पलंगाखाली होतो, सगळं ऐकत." त्याने हात दाबला. "आताही तेच. माझ्या हातून झालं ते स्वतःच्या अंगावर घेतोयस. त्यासाठी बाबांच्या औषधालासुद्धा साखर म्हणालास. तू!"

"नाही रे. खरं सांगतोय. आईशपथ."

"तेव्हाही आईचीच शपथ घेतली होतीस."

पहिलं खोटं होतं ते थेट आत जाऊन बसलं होतं, आणि दुसरं खरं होतं त्याला दारातूनच परत पाठवलं जात होतं. आणखी काय सांगितलं असतं म्हणजे त्याला पटलं असतं, ते त्रिदिबबाबूंना सुचेना. भावाचा इतका विश्वास कमावून ठेवला होता की आता त्यातून सुटायला वाट नव्हती.

मिनती केव्हाची खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हातात पाण्याचा मापाचा कप, दिवसाला तेवढंच प्यायचं असं सांगितलेलं. तिने सगळं ऐकलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. त्रिदिबबाबूंनी तिच्याकडे बघितलं, आता ही तरी बोलेल म्हणून. तिने कप टेबलावर ठेवला.

"दादा," हाबुल म्हणाला, "उद्या पुन्हा मशीनवर घेणार आहेत. काल फार भीती वाटली मला. सगळं रक्त बाहेर येतं आणि फिरून आत जातं, डोळ्यांना दिसतं ते. बाबांची बाटली आणलीयस?"

बाटली त्यांच्या कुडत्याच्या खिशात होती. ती नेहमीच असायची.

"त्यातलं दे. उद्यासाठी." आणि हाबुलने डोळे मिटून जीभ बाहेर काढली, पोर काढतं तशी. जिभेवर पांढरा थर होता.

त्रिदिबबाबू हलले नाहीत. बसून राहिले. जीभ तशीच बाहेर, वाट बघत.

"द्या त्यांना," मिनती म्हणाली. ओरडली नाही, पदरही सारखा केला नाही. "मागतायत तर द्या. आता त्याने बिघडायचं काय राहिलंय?"

त्यांनी खिशातून बाटली काढली. बूच काढलं. तळाशी चार-पाच गोळ्या उरल्या होत्या, या वेळी वरून भरायची राहून गेली होती. त्यांनी बाटली हाबुलच्या जिभेवर उपडी धरली आणि बोटाने टिचकी मारली. गोळ्या पडल्या. सगळ्याच पडल्या.

हाबुलने तोंड मिटलं. गोळी चघळायची नसते, विरघळू द्यायची असते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो शहाण्यासारखा स्वस्थ पडून राहिला. मग डोळे न उघडता म्हणाला, "ह्या वेळी कुणाला देणार नाही, दादा. एकटाच खाईन."